हुकमावरून

आडबंदर नगरपरिषदेच्या दप्तरखान्यात
सर्वांत जुनी वही अठराशे एकोणऐंशीची.
वाळवीनं कडा खाल्ल्यात, शाई मात्र
बिब्ब्याच्या डागासारखी पक्की.
पहिल्या पानावर सात सभासद, सातही नेमलेले:
कलेक्टरसाहेब अध्यक्ष, दोन खोत, मिठाचा एक व्यापारी,
गलबतांचे मालक हुसेनमिया नाखवा,
मिशनचा डॉक्टर, आणि एकाचं नाव भिजून गेलेलं.
ठराव पहिला: बंदररस्त्यावर आठ कंदील.
ठराव दुसरा: तेलाच्या खर्चासाठी घरपट्टी.
ठराव तिसरा: हे सारं लोकांना कळावं म्हणून
तानू ढोलवाला, महिना सव्वा रुपया.

तानूला मत नव्हतं. खुर्ची तर नाहीच.
सभा चालायची तेव्हा तो बाहेर सुरंगीखाली
ढोलाला ऊन दाखवत बसायचा.
मग भंडारवाडा, कोळीवाडा, मोहल्ला, देऊळवाडी,
आणि शेवटी खाडीपलीकडे स्वतःची वाडी,
जिथं कंदील नव्हता.
तीन ठोके. मग हुकूम कोणाचा ते. मग खबर.

एकदा कुणा शेटनं चार आणे पुढे केले,
माझं गोडं तेल म्युनिसिपालटीचं म्हणून पुकार.
वहीत तानूचा जबाब आहे, अंगठ्यासकट:
"हुकूम कोणाचो ता आधी सांगूचा लागता, शेटानू.
तुमचो आसा तर तुमचो म्हणान सांगतंय."
शेटनं चार आणे परत घेतले.
खाली लाल शाईत शेरा: ढोलवाल्यास ताकीद द्यावी.
कशाबद्दल, ते लिहिलेलं नाही.

मी परवाना लिपिक. मंडप, फटाक्यांचे स्टॉल, जाहिरात फलक.
हायवेच्या फाट्यावरचा चाळीस बाय वीसचा
माझ्याच टेबलावरून गेला.
निळा समुद्र (इथला नव्हे, इथला करडा),
पांढऱ्या कपड्यांतलं जोडपं, आणि अक्षरं:
'समुद्र तुमच्या अंगणात! क्लिअर टायटल.'
पहिलं वाक्य खरं आहे.
अमावास्येच्या उधाणाला त्या प्लॉटांत गुडघाभर पाणी असतं,
आणि ओहोटीला तिथंच
सुमती तांडेल तिसऱ्या वेचते.

फॉर्ममध्ये रकाने आहेत: लांबी, रुंदी, उंची,
वाऱ्याचा दाब, विजेचा भार, चलन क्रमांक.
खरं आहे का, असा रकाना नाही.
एकदा विचारलं तर साहेब म्हणाले,
आपण सांगाड्याला परवानगी देतो, मजकुराला नाही.

मधल्या वह्या भराभर उलटतात.
आधी घरपट्टी भरणाऱ्यांना मत, मग न भरणाऱ्यांनाही.
कलेक्टर उठतात, वकील बसतात, मग वकिलांचे मुलगे.
मधूनच प्रशासक; तेव्हा चर्चा नाही, नुसत्या सह्या.
ढोल जातो, रिक्षावरचा कर्णा येतो.
आणि शहाण्णव साली, राखीव जागेच्या सोडतीत,
सभासदांच्या यादीत तानूची पणती,
इंदुमती कासारे, प्रभाग पाच.
तिचा पहिला प्रश्न इतिवृत्तात एका ओळीचा:
आमच्या वाडीत दिवा कधी?
एकशे सतरा वर्षं लागली कंदिलाला
खाडी ओलांडायला. पूल तर दोनशे पावलांचा आहे.

परवा त्या आल्या ऑफिसात, काठी टेकत.
"फाट्यावरचा बोर्ड कोणाच्या हुकमावरून?"
म्हटलं, बाई, कंपनी ठाण्याची आहे, खासगी.
"मग खाली आपलं नाव कशाला?"

संध्याकाळी जाऊन पाहिलं.
'अटी लागू' उकड्याच्या कणीएवढं,
आणि त्याच्या वर, लांबून वाचता येईल असं ठसठशीत:
आडबंदर नगरपरिषद मान्यताप्राप्त, क्र. ४१२.
सांगाड्याला दिलेला आकडा
त्यांनी जमिनीच्या गळ्यात बांधलेला.
शेटचं तेल शेवटी विकलं गेलं होतं.
चार आण्यांचीसुद्धा गरज पडली नव्हती,
नियमाप्रमाणे शुल्क भरलं होतं त्यांनी.

आज नवे फॉर्म झेरॉक्सला देण्याआधी
चलन क्रमांकाच्या खाली मी पट्टीनं एक रकाना आखलाय:
हुकूम कोणाचा.
पेन्सिलीनं.
साहेबांनी खोडला तर
कागद खराब व्हायला नको म्हणून.